फुटक्या काचेची पाटी

बुधवारनंतर दादू कामावर गेला नव्हता आणि घरात त्याला कुणी काही विचारतही नव्हतं. विचारायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. दिवस उगवायच्या आधी उठून त्यानं खळं सारवलं, मधोमध तिवड्याचा खांब रोवला, गाडीभर कणसं एकट्यानं आणून पसरली. शुक्रवार-शनिवार बैलांची पात तिवड्याभोवती फिरत राहिली आणि पातीमागं दादू. गेनबा बांधावर तंबाखू मळत बायकोला म्हणाला, "पोराला सुट्टी मिळाली ती बरीच झाली. न्हाई तर यंदाची मळनी शिमग्याच्या पल्याड गेली असती."

"सुट्टी कसली?" ठकुबाई म्हणाली. "सन न्हाई, वार न्हाई."

"कंपनीचं काय सांगावं. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

पिंपरीच्या माळावर बाटल्यांची कंपनी उभी राहून तीन वर्षं झाली होती. निघोज्याची आठ-दहा माणसं तिथं चिकटली ती ठकुबाईच्या थोरल्यामुळं. बाळाजी भट्टीवर कोळसा ओढायला लागला आणि दोन वर्षांत मुकादम झाला. गावात आता त्याला नुसतं बाळाजी म्हणणारी दोनच माणसं उरली होती, आई आणि बाप. आकुर्डीला खोली घेऊन तो बायकोसह तिकडंच राहत होता. दादू मात्र रोज निघोज्याहून जाऊन-येऊन करी. माघात इंद्रायणीला गुडघाभर पाणी असे, तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन तो नदी उतरायचा. दोघं एकाच खात्यात होते, आणि दादू बाळाजीच्या हाताखाली.

दादू ठकुबाईच्या पोटचा नव्हता. धाकट्या दिराचा मुलगा. पटकीच्या साथीत दीर-जाऊ आठवड्याच्या अंतरानं गेले तेव्हा दादू वर्षाचाही नव्हता. ठकुबाईला त्या सालात मुलगी होऊन लगेच वारली होती. दूध होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. तिनं दादूला पदराखाली घेतलं ते घेतलंच. बाळाजी तेव्हा आठ वर्षांचा. बाळाजी 'आये' म्हणतो म्हणून दादूही 'आये'च म्हणायला शिकला, आणि ठकुबाईला पुढं पुढं त्यातला फरक खरोखरच आठवेनासा झाला.

एक गोष्ट मात्र तिला पक्की आठवत होती. घरात बैलांमागं एक माणूस लागायचंच, तेव्हा दादूला शाळेत घालावं की नको यावर गेनबा अडून बसला होता. तेव्हा सोळा वर्षांचा बाळाजी म्हणाला होता, "दादूला शाळेतच घाला. मी हाय की बैलांमागं. मला काय अक्षर कळत न्हाई, आता शिकून तरी कुठं लावू?" पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की हाच बाळाजी दादूला खांद्यावर बसवून पलीकडं सोडायचा. वर बसलेला दादू पाठ्यपुस्तकातली कविता मोठ्यानं म्हणायचा आणि खाली बाळाजी चुकीचा ठेका धरून तीच म्हणत चालायचा. पुढं चाकणच्या शाळेत दादू सातवीची फायनल पास झाला तेव्हा गावभर पेढे वाटले ते बाळाजीनं.

शनिवारी दुपारी मोटेच्या पाटावर दादू तोंड धुवायला बसला आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं. ठकुबाई धुणं पिळत होती. तिला दिसलं ते तिनं पुन्हा नीट पाहिलं. कपाळाच्या वर, केसांच्या कडेनं, पाच-सहा बारीक चिरा होत्या. खपली धरलेल्या.

"काय रं हे?"

दादूनं घाईनं मुंडासं ओढलं. "कनसाचं धस लागलं, आये."

"मी जलमभर कनसं खुडली. धस असं कापत न्हाई."

दादू उठला आणि बैलांकडं गेला. त्याची बायको सरुबाई पाटाच्या पलीकडं उभी होती. तिच्याकडं ठकुबाईनं पाहिलं, तर तिनं खाली मान घातली. म्हणजे तिला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी ज्योतीराम आला. हा बीडकडचा, आकुर्डीत चौघांत एक खोली करून राहणारा. दादूबरोबर एकदा-दोनदा घरी जेवून गेला होता. दादूचा कंपनीत राहिलेला डबा आणि सदरा देण्याचं निमित्त करून तो एवढी वाट तुडवत आला होता. दादू खळ्यात होता. ठकुबाईनं पाहुण्याला आंब्याच्या सावलीत बसवलं, भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला आणि स्वतःही समोर बसली.

"डब्यासाठी कुनी चार कोस येत न्हाई, ज्योतीराम. काय झालंय?"

ज्योतीरामनं घास खाली ठेवला. "मावशी, म्या सांगितलं म्हणून कुठं बोलायचं नाही बरं. मव्हं पोट तिथंच हाय."

"न्हाई बोलायची."

"मुकादम दादूला लई छळतेत."

ठकुबाईला आधी कळलंच नाही. "कोन मुकादम?"

"तुमचाच की, मावशी."

मग तो सांगत गेला. सहा महिन्यांपासून चाललं होतं. भट्टीच्या तोंडाशी सगळ्यांना पाळीपाळीनं उभं करायचे, दादूला रोज. पाणी प्यायला गेला की हाक मारून माघारी बोलवायचं. दादू हे नावच बाळाजीनं टाकून दिलं होतं. 'ए फायनल' म्हणायचं, नाही तर 'ए तुकड्या'. आमच्या घरच्या तुकड्यांवर वाढलेलं म्हणून तुकड्या. आधी माणसं चमकायची, मग हसायला लागली. मुकादमाच्या विनोदाला न हसून कुणाला परवडतंय?

"आणि बुधवारी?" ठकुबाईनं विचारलं.

भट्टीला उष्णता दाखवणारी एक तबकडी होती. तिच्यावर इंग्रजी आकडे. बाळाजी काटा कुठवर आला ते अंदाजानं सांगायचा आणि साहेब लिहून घ्यायचा. बुधवारी साहेबाला शंका आली. त्यानं जवळ उभ्या असलेल्या दादूला आकडा वाचायला सांगितला. दादूनं वाचला. बाळाजीनं सांगितलेल्या आकड्याशी तो जुळला नाही. साहेब सगळ्यांदेखत म्हणाला, "मुकादम, उद्यापासून भावाला विचारून सांगत जा."

"त्याच्यावर तासाभरात बाटल्यांचा एक घाणा तडकला, मावशी. दादूचा हात बी लागला नव्हता त्याला. मुकादमांनी फुटक्या काचेची पाटी भरली, दादूच्या डोक्यावर दिली आन् फाटकात उभं केलं. खाली चुंबळ बी ठेवू दिली नाही. पहिली पाळी सुटली, दुसरी आत गेली. दोन्ही पाळ्यांची माणसं त्याच्यासमोरून गेली. तुमच्या गावची बी. दीड तास उभा होता. कपाळावरून बारीक रगत येत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. अन् म्या..." ज्योतीराम थांबला. "म्या बी समोरून गेलो, मावशी. वर बघितलं नाही."

ठकुबाईनं त्याच्यापुढं ठेचा सारला. मग म्हणाली, "भाकरी खा. उपाशी जाऊ नको."

तिला आठवलं, बाळाजी मुकादम झाला त्या दिवशी तिनंच त्याला सांगितलं होतं, 'दादूला सवलत देऊ नको हं. लोक म्हनतील, भाऊ म्हनून पाठीशी घालतोय.' बाळाजी त्या वेळी हसून हो म्हणाला होता. आपण काय बोलून बसलो, असं तिला आता झालं. पण पुन्हा तिलाच वाटलं, सवलत देऊ नको म्हणजे रक्त काढ असं तर आपण म्हटलं नव्हतं.

बाळाजी आणि रतनबाई दुपारी बाराच्या सुमाराला आले. उपणणीला सावडीची, एकमेकांच्या रानात राबणारी माणसं लागत, म्हणून गेनबाचा चुलतभाऊ उद्धवराव सकाळपासूनच आला होता. त्याचा मुलगा बाळाजीनंच कंपनीत लावलेला. बाळाजीनं वहाणा खळ्याबाहेर काढल्या, राशीला हात जोडले, आईच्या पाया पडला. आईसाठी त्यानं पुण्याहून मागवलेलं सांधेदुखीचं तेल आणलं होतं. "रोज रातीला लावायचं, चोळून," म्हणून त्यानं बाटली तिच्या हातात दिली. बोलण्यात तीच जुनी माया. ठकुबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला वाटलं, ज्योतीराम खोटं बोलला असता तर किती बरं झालं असतं.

वारा पडला होता. उपणणी थांबली आणि सगळे आंब्याखाली जेवायला बसले. दादू पंगतीत टोकाला बसला, मुंडाशासकट.

बाळाजी म्हणाला, "उद्या येनार का कामावर? का अजून कंबर दुखतीया?"

"बघतो."

"बघतो म्हंजे? चार दिवस झाले. मी कुठवर झाकू? तिथं काय आपल्या घरची कंपनी हाय?"

ठकुबाई भाकरी वाढत होती. ती टोपली घेऊन दादूच्या मागं गेली, खाली वाकली आणि एका हातानं त्याचं मुंडासं उचललं. दादूनं हात धरायच्या आत ते मांडीवर पडलं होतं.

"बाळाजी, हे बघ. इकडं बघ. हे कशानं झालं?"

पंगत थांबली. गेनबानं पाण्याचा तांब्या तोंडापाशी तसाच धरला.

"तुला कुनी सांगितलं?" बाळाजी म्हणाला.

"दादूनं न्हाई सांगितलं. चार दिवस मरमर राबला, पर बोलला न्हाई. मी इचारतीया, कशानं झालं?"

उद्धवराव मध्ये पडला. "वहिनी, जेवायच्या येळंला कशाला? आन् मुकादमकी म्हटली की थोडं कडक वागावं लागतंय. तिथं शंभर मानसं हाकायची असत्यात. खळ्यावर बसून वंगाळ बोलू नये."

"वंगाळ बोलू नये आन् वंगाळ करावं, आं? भावजी, तुमच्या पोराच्या डोक्यावर पाटी दिली असती तर तुमी जेवत बसला असता?"

गेनबानं तांब्या खाली ठेवला. "कसली पाटी?"

मग ठकुबाईनं सगळं सांगितलं. ज्योतीरामचं नाव तेवढं घेतलं नाही. 'तुकड्या' हा शब्दसुद्धा सांगितला. गेनबा ऐकत होता. तो फार बोलणारा माणूस नव्हता. धाकट्या भावाला त्यानं स्वतः अग्नी दिला होता, आणि भावाच्या मुलाला कुणी तुकड्यावरचं म्हणेल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"त्याच्या बापाचा निम्मा वाटा हाय या रानात," तो बाळाजीला म्हणाला. "ही रास निम्मी त्याची हाय. कोन कुनाच्या तुकड्यावर हाय रं?"

"दादा, तुमाला तिथलं काय ठावं न्हाई!" बाळाजी उसळला. बाळाजी बापाला दादा म्हणे, आणि दादू बाळाजीला. "साहेब मला रोज टोचून बोलतो. कारकून हसत्यात. अंगठेबहाद्दर मुकादम म्हनत्यात मला माघारी. आन् हा बाजूला उभा राहून आकडे वाचतोय! शंभर मानसांच्या म्होरं! उद्या साहेब म्हनंल, मग मुकादम ह्यालाच करतो. मग मी काय पुन्यांदा कोळसा ओढू?"

"मला साहेबानं वाचाय सांगितलं, म्हनून वाचलं," दादू म्हणाला. चार दिवसांत तो एवढं पहिल्यांदाच बोलत होता. "तुमी मला आधी इचारलं असतं तर मी तुमाला सांगितलं असतं. तुमच्या कानात. रोज. साहेबाला कळलं बी नसतं. मी तुमची जागा कवा मागितली?"

"मागायची काय गरज? शिकलायस ना!"

"तुमीच शिकवलंय."

बाळाजी बायकोकडं वळला, जणू तिनं तरी आपली बाजू घ्यावी. "सांग की गं ह्यांला, मी किती दमून येतो ते."

रतनबाई सासू-सासऱ्यांपुढं कधी तोंड वर करून बोललेली नव्हती. आताही तिनं पदर सावरला आणि हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू आलं. "दमून येत्यात, आत्याबाई. पर मला बी आताशा तसंच बोलत्यात. डोक्यावर पाटी तेवढी दिली न्हाई अजून."

बाळाजी उठला. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. ठकुबाईनं वाढलेल्या भरल्या ताटावरून तो असा कधी उठला नव्हता, लहानपणी सुद्धा. 'बस, जेवून जा,' हे तिच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"मी उद्या येनार हाय," दादू म्हणाला. तोही उभा राहिला होता. "पर आधी साहेबाकडं जानार. दुसऱ्या खात्यात टाका म्हननार, आन् का ते बी सांगनार. तुमच्या माघारी केलं असं नको व्हायला, म्हनून आत्ताच सांगतोय, दादा."

"अरं, अरं!" उद्धवराव घाबरला. "घरातलं भांडन साहेबाच्या म्होरं? ह्याची मुकादमकी गेली तर आमच्या पोरांचं काय? निम्मं गाव उघड्यावर येईल. वहिनी, समजवा त्याला."

सगळ्यांनी ठकुबाईकडं पाहिलं. दोन्ही मुलगे तिच्यासमोर उभे होते. एकाला तिनं जन्म दिला होता, दुसऱ्याला दूध. तिला कळत होतं की ती 'जाऊ दे' म्हणाली तर दादू ऐकेल. तिच्यासाठी तो पुन्हा फाटकात उभा राहील. म्हणूनच तिला ते म्हणवेना.

"जा," ती दादूला म्हणाली. "जे झालं तेवढंच सांग. वर एक अक्षर घालू नको."

बाळाजी वहाणा पायात सरकवून एकटाच निघाला. रतनबाई दोन पावलं गेली आणि थांबली. ठकुबाईनं तिला हाताला धरून परत पंगतीत बसवलं. तिसऱ्या प्रहरी वारा सुटला आणि उरलेली उपणणी झाली, पण ती कशी झाली हे ठकुबाईला पुढं कधीच आठवलं नाही.

सोमवारी दादू दिवेलागणीला परतला. सरुबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, पण तो तसाच ओट्यावर बसला.

"सांगितलंस?" गेनबानं विचारलं.

"सांगितलं. साहेबानं खात्यातल्या समद्यांना बोलावलं. म्हनला, ह्यो म्हनतो ते खरं हाय का? कुनी बोलंना. ज्योतीराम बी खाली बघत व्हता. आपल्या गावचे तर भिंतीला चिकटले. मला वाटलं, झालं आता, मीच खोटा ठरतो."

"मग?"

"मग दादाच म्होरं आला." दादू म्हणाला. "म्हनला, खरं हाय. पाटी मी दिली. त्याची चूक नव्हती."

ठकुबाईनं डोळ्यांना पदर लावला. ते रडणं दुःखाचं होतं की कसलं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. शंभर माणसं गप्प असताना जो एकटा बोलला तो तिचा ओढ्यातला बाळाजी होता. आणि त्याच्या बोलण्यानं त्याची मुकादमकी गेली. साहेबानं त्याला भट्टीवर कोळसा ओढायला परत धाडलं आणि दादूला बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतात त्या खात्यात.

गावानं मात्र ठकुबाईलाच बोल लावला. आईनं पोटच्या पोराची भाकरी काढली, असं पाणवठ्यावर बायका तिला ऐकू जाईल असं म्हणत. उद्धवरावानं सावड मोडली. त्याच्या मुलाची नोकरी जशीच्या तशी राहिली, तरी तो पुढची दोन वर्षं या घराची पायरी चढला नाही. बाळाजी रविवारी येईनासा झाला. रतनबाई आठवड्यानं आपणहून आकुर्डीला गेली. जाताना म्हणाली, "एकटंच असत्यात, आत्याबाई. जेवत्यात का न्हाई, कुनाला ठावं?"

होळीच्या आधी ठकुबाई स्वतःच आकुर्डीला गेली. बाळाजी अंगणातल्या दगडावर बसून पायाच्या भाजलेल्या जागेला खोबरेल लावत होता. तिला बघून उठला, पाया पडला. ती तीन दिवस राहिली. तिनं मुकादमकीचा विषय काढला नाही, त्यानंही नाही. पण तिनं पाहिलं, बायकोला तो 'पानी दे' म्हणत नव्हता, उठून घेत होता. तिसऱ्या दिवशी तो आपणच म्हणाला, "आये, मला वाटायचं, एकदा का मी खाली बघितलं की संपलं. आता रोज खालीच असतो. तेवढं काय वाईट न्हाई."

रविवारी दादू तिला न्यायला आला. उंबऱ्याशी थांबला. साहेबासमोरच्या त्या सोमवारनंतर दोघं भाऊ पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. कंपनीत खाती वेगळी, पाळ्या वेगळ्या. रतनबाईनं दोन पाट मांडले. बाळाजी उभाच राहिला.

"दादू," तो म्हणाला, "चुकलं माझं."

ठकुबाईला ठाऊक होतं, आता दादू म्हणणार, 'जाऊ द्या, दादा, मनात आणू नका.' लहानपणापासून तो असंच म्हणत आला होता. या घरात आपण कुणाच्या तरी जागी आलो आहोत, हे कुणी न सांगता त्याला कळलं होतं, आणि म्हणून तो सगळ्यांचं सगळं सोडून देत आला होता.

दादूनं भावाकडं सरळ पाहिलं. "व्हय दादा," तो म्हणाला. "चुकलंच."

बाळाजीनं मान हलवली. मग दादूनं वहाणा काढल्या, आत आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, वाढा. लई भूक लागलीया."